परिचालन प्रणालीचे स्वयंचलित अद्यतन आणि प्रक्रियकावरील भार

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये राहून सर्व कामांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलींच्या समूहास परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. या प्रणालीत आढळलेले दोष दूर करण्यासाठी, सुरक्षिततेतील उणिवा भरून काढण्यासाठी किंवा तिच्यात नव्या सोयींची भर घालण्यासाठी निर्माता वेळोवेळी सुधारित भाग प्रसृत करतो. अशा भागास अद्यतन वा अपडेट असे नाव असून, वापरणाऱ्याने काही न करता संगणकाने ते स्वतः शोधून, उतरवून घेऊन बसविणे म्हणजे स्वयंचलित अद्यतन होय. हे काम चालू असताना मध्यवर्ती प्रक्रियक (आज्ञा पार पाडणारा घटक), म्हणजे व्यवहारातील प्रोसेसर, काही मिनिटे ते काही तास मोठ्या प्रमाणात गुंतून राहतो. पंखा जोराने फिरू लागतो, यंत्र तापते आणि साधे टंकलेखनही अडखळत होते. हा भार बहुतेक वेळा स्वाभाविक व तात्पुरता असतो. काही वेळा मात्र तो अद्यतन-यंत्रणेतील बिघाडाचे लक्षण असतो. या दोहोंतील भेद ओळखणे हे निदानाचे मुख्य कार्य होय. तो न ओळखता अद्यतनच कायमचे बंद करण्याचा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो व तो मूळ त्रासापेक्षा अधिक घातक ठरतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीच्या अनुषंगाने विवेचन केले असून इतर प्रणालींचा थोडक्यात निर्देश केला आहे.

इतिहास : प्रारंभी सुधारित भाग फ्लॉपी किंवा सीडी यांवरून बसवावे लागत. १९९८ साली विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ ही इंटरनेटवरील सेवा सुरू झाली. तथापि तिच्याकडे वापरणाऱ्याने आपण होऊन जावे लागे. २००० साली आलेल्या विंडोज एमई या प्रणालीत स्वयंचलित अद्यतनाची सोय प्रथम देण्यात आली. या सोयीची निकड २००३ साली प्रकर्षाने जाणवली. एका गंभीर उणिवेवरील दुरुस्ती त्या वर्षी १६ जुलै रोजी प्रसृत झाली होती. तरीही ११ ऑगस्टच्या सुमारास त्याच उणिवेचा लाभ घेणारा ‘ब्लास्टर’ हा संगणकीय कृमी (स्वतःच्या प्रती करून जाळ्यातून पसरणारी घातक आज्ञावली) जगभर पसरला. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती असंख्य संगणकांवर बसविलेली नव्हती. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा-अद्यतने एकत्रित देण्याचा प्रघात सुरू केला. २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचाने स्वयंचलित अद्यतन चालू ठेवण्याचा आग्रह धरला आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत ते कायमचे बंद करण्याचा सरळ पर्यायच ठेवला नाही. अशा रीतीने पूर्वी वापरणाऱ्याच्या सवडीने होणारे काम त्याच्या नकळत, संगणकाच्या पार्श्वभूमीवर होऊ लागले व त्याबरोबर अकारण वाटणाऱ्या भाराची तक्रारही वाढली.

भाराची कारणे : अद्यतन म्हणजे केवळ काही संचिका (फाईली) उतरवून घेणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उतरवून घेण्याच्या कामात प्रक्रियकाला फारसे श्रम पडत नाहीत. खरा भार त्याच्या आधीच्या व नंतरच्या टप्प्यांत पडतो. हे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) शोध : या संगणकास कोणती अद्यतने हवीत, हे मुख्यतः तो संगणकच ठरवितो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून प्रत्येक अद्यतनाचे वर्णन मिळते. ते कोणत्या आवृत्तीस लागू आहे, त्याआधी काय बसविलेले असणे आवश्यक आहे आणि त्याने कोणते जुने अद्यतन निरर्थक ठरविले आहे, यांविषयीचे नियम त्या वर्णनात असतात. हे नियम संगणकावरील संचिका व नोंदी यांच्याशी एकेक करून ताडून पहावे लागतात. प्रणाली जितकी जुनी, तितके हे नियम अधिक.

(२) पडताळणी व विस्तार : मिळालेला भाग अस्सल आहे व वाटेत बदललेला नाही, याची खात्री करण्यासाठी त्याच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने एक आकडा काढून तो निर्मात्याच्या अंकीय स्वाक्षरीशी जुळवितात. त्यानंतर दाबून लहान केलेला मजकूर मूळ आकारात आणला जातो. अलीकडे पूर्ण संचिका न पाठविता जुन्या व नव्या संचिकांमधील फरक तेवढा पाठवितात व नवी संचिका संगणकावरच रचली जाते. विंडोज ११ मध्ये अद्यतन मागे घेण्यासाठी लागणारे उलट फरकही संगणकावरच तयार करण्याची पद्धत स्वीकारल्यामुळे मासिक संग्रहांचा आकार सु. ४० टक्क्यांनी घटल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये जाहीर केले. वाहतुकीतील ही बचत काही अंशी प्रक्रियकाच्या श्रमाने भरून दिलेली असते.

(३) स्थापना : विंडोज व्हिस्टापासून (२००७) प्रणालीचे सर्व घटक त्यांच्या आवृत्त्यांसह ‘विनएसएक्सएस’ या भांडारात ठेवले जातात. नवा घटक बसविताना त्याचे इतर घटकांशी असलेले संबंध तपासावे लागतात. हे काम ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ ही सेवा व तिचा सहायक ‘टायवर्कर’ करतात. कार्यसूचीत प्रक्रियक व्यापणाऱ्यांमध्ये ही नावे वरचेवर दिसतात.

(४) उत्तरक्रिया : अद्यतन पूर्ण झाल्याचा संदेश आल्यानंतरही काम उरलेले असते. बदललेल्या संचिका विषाणुरोधक आज्ञावली पुन्हा तपासते. शोधासाठी ठेवलेली सूची नव्याने केली जाते. डॉट नेट या आज्ञावली-आधाराचे अद्यतन झाले असल्यास त्याचे घटक यंत्रभाषेत अगोदरच रूपांतरित करून ठेवले जातात. या रूपांतरातील महत्त्वाचा भाग सामान्यतः ५ ते १० मिनिटांत संपतो व उरलेला संगणक रिकामा असताना पार पडतो.

पार्श्वभूमीवरील कामास कमी अग्रक्रम दिलेला असतो. म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीने मागणी करताच प्रक्रियक तिला मिळावा, अशी योजना असते. म्हणून भाराचा आकडा मोठा दिसला तरी संगणक मंद होईलच असे नाही. जुन्या संगणकांत मंदपणा जाणवतो, तो पुष्कळदा प्रक्रियकामुळे नसून डिस्कमुळे असतो. फिरत्या चकतीच्या डिस्कला हजारो लहान संचिकांची ने-आण करण्यास फार वेळ लागतो व इतर आज्ञावली तिच्यासाठी खोळंबतात.

गणनविधीतील दोष : काही वेळा भाराचे मूळ वापरणाऱ्याच्या संगणकात नसून निर्मात्याने योजिलेल्या गणनविधीत (गणना करण्याच्या ठराविक क्रमात) असते. याचे उद्‌बोधक उदाहरण म्हणजे विंडोज एक्सपी. या प्रणालीच्या अखेरच्या काळात, २०१३ साली, असंख्य संगणकांवर ‘एसव्हीसीहोस्ट’ ही प्रक्रिया सुरू होताच प्रक्रियक तासन्‌तास शंभर टक्के व्यापू लागली. एसव्हीसीहोस्ट ही अनेक सेवांना आश्रय देणारी प्रक्रिया असून तिच्या आत चालणारी अद्यतन-सेवा हे त्याचे कारण होते. इंटरनेट एक्सप्लोरर या न्याहाळकाचे (इंटरनेटवरील पाने दाखविणाऱ्या आज्ञावलीचे) प्रत्येक नवे एकत्रित अद्यतन आधीच्या अद्यतनाची जागा घेत असे. अशा ‘जागा घेतलेल्या’ अद्यतनांची साखळी वर्षानुवर्षे वाढत जाऊन काही ठिकाणी चाळीस किंवा त्याहून अधिक दुव्यांची झाली होती. ही साखळी तपासण्याचा गणनविधी असा होता की, तीत एका दुव्याची भर पडली की लागणारा वेळ दुप्पट होई. एका दुव्याने दुप्पट, म्हणजे दहा दुव्यांनी १,०२४ पट व वीस दुव्यांनी दहा लाखांहून अधिक पट, असा हा घातीय वाढीचा हिशेब आहे. साखळी लहान असताना हा दोष कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुनी निरुपयोगी अद्यतने यादीतून काढून टाकली आणि वापरणाऱ्यांनी काही न करताच भार ओसरला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीसाठीची सर्वसाधारण अद्यतने संपुष्टात आली.

विंडोज ७ मध्येही २०१५–१६ या काळात नव्याने बसविलेल्या प्रणालीस केवळ अद्यतनांचा शोध घेण्यास कित्येक तास लागत. शोध घेणारा भागच क्रमाक्रमाने सुधारावा लागला व जुलै २०१६ च्या अद्यतन-संग्रहानंतर हा वेळ पुष्कळ कमी झाला. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ व ८.१ यांसाठी सुट्या अद्यतनांऐवजी मासिक एकत्रित संग्रह देण्याची पद्धत सुरू झाली. विंडोज १० मध्ये ती प्रारंभापासूनच होती. त्यामुळे तपासावयाच्या नियमांची संख्या आटोक्यात राहिली. मात्र प्रत्येक संग्रहाचा आकार व तो बसविण्याचे श्रम वाढले.

निदान : सर्वप्रथम भार कोणत्या प्रक्रियेमुळे आहे, हे ‘टास्क मॅनेजर’ या साधनाने पहावे. तेथे एसव्हीसीहोस्ट हे नाव दिसल्यास त्याच्या आतील सेवा कोणती, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. विंडोज १० च्या २०१७ मधील सुधारणेपासून ३.५ गिगाबाइटहून अधिक स्मृती असलेल्या संगणकांत बहुतेक सेवा स्वतंत्र प्रक्रियांत चालत असल्याने ही ओळख सोपी झाली आहे. खरी एसव्हीसीहोस्ट संचिका विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरात असते. तेच किंवा त्यासारखे नाव धारण करणारी प्रक्रिया अन्य फोल्डरातून चालत असल्यास ती घातक आज्ञावली असण्याचा संभव असतो. कारण अशा आज्ञावली परिचित नावाच्या आड लपतात.

भाराच्या आकड्याचा अर्थही नीट लावावा लागतो. आधुनिक प्रक्रियकात अनेक गाभे (स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडू शकणारे भाग) असतात. चार गाभ्यांच्या प्रक्रियकात एकच काम एका गाभ्यास पूर्णपणे व्यापून बसले, तर एकूण भार २५ टक्के दिसतो. म्हणून कित्येक तास २५ टक्क्यांवर किंवा दुप्पट गाभे असल्यास १२.५ टक्क्यांवर स्थिर राहिलेला आकडा लहान वाटला, तरी तो एखादे काम एकाच जागी फिरत राहिल्याचे चिन्ह असू शकतो. याउलट चढउतार होणारा ८० टक्के भार निरोगी असू शकतो.

स्वाभाविक भार व बिघाड यांतील मुख्य फरक प्रगतीचा आहे. डिस्कवरील लेखन-वाचन व जाळ्यावरील वाहतूक अधूनमधून होत असेल, पूर्णतेची टक्केवारी सरकत असेल व कामाच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) नव्या ओळी येत असतील, तर थांबणे इष्ट. महिन्याचा दुसरा मंगळवार नुकताच होऊन गेला असेल, संगणक अनेक दिवसांनी चालू केला असेल किंवा प्रणाली नुकतीच बसविली असेल, तर काही तासांचा भारही नवलाचा नाही. तेच अद्यतन पुनःपुन्हा बसविले जाऊन प्रत्येक वेळी मागे घेतले जात असेल किंवा संगणक अनेकदा पुन्हा सुरू करूनही रोज तसाच भार दिसत असेल, तर बिघाड आहे असे समजावे.

उपाययोजना : उपाय सौम्यापासून तीव्राकडे या क्रमाने करणे श्रेयस्कर असते. (१) संगणक वीजपुरवठ्यास जोडून रात्रभर चालू ठेवावा व त्यानंतर पुन्हा सुरू करावा. झोपेच्या अवस्थेत वारंवार जाणाऱ्या संगणकात काम तुकड्यातुकड्यांनी होऊन लांबते. (२) डिस्कवर पुरेशी मोकळी जागा करावी. जागेअभावी स्थापना फसते व पुन्हा प्रारंभापासून सुरू होते. (३) प्रणालीतच असलेले अद्यतन-दोषनिवारक साधन चालवावे. (४) अद्यतन-सेवा व पार्श्वभूमीवर संचिका आणणारी सेवा तात्पुरत्या थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डराचे नाव बदलावे व सेवा पुन्हा सुरू कराव्यात. या फोल्डरात उतरवून घेतलेले भाग व अद्यतनांची नोंद असते. ती दूषित झाली असल्यास यामुळे नव्याने तयार होते. यानंतरचा पहिला शोध नेहमीपेक्षा अधिक वेळ घेतो, हे लक्षात ठेवावे. अन्यथा उपाय फसल्याचा गैरसमज होतो. (५) घटकांचे भांडार बिघडल्याचा संशय असल्यास विंडोज ८ व त्यापुढील प्रणालींत प्रथम ‘डिझम’ या साधनाने भांडार दुरुस्त करावे व नंतर ‘एसएफसी’ या साधनाने प्रणालीच्या संचिका तपासाव्यात. एसएफसी खराब संचिकेच्या जागी भांडारातील प्रत ठेवते; भांडारच दूषित असेल, तर तिला चांगली प्रत मिळत नाही. (६) एखादेच अद्यतन अडत असेल, तर ते मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत सूचीतून उतरवून हाताने बसवावे.

गैरसोय टाळण्यासाठी वेळेची आखणी करणे हा सर्वांत उपयुक्त उपाय होय. विंडोज १० मध्ये २०१६ पासून कामाचे तास नेमून देता येतात व त्या वेळात संगणक आपोआप पुन्हा सुरू होत नाही. ज्या कार्यालयात अनेक संगणक असतात, तेथे सर्वांनी एकाच वेळी अद्यतन करू नये म्हणून टप्पे पाडतात व प्रथम थोड्या संगणकांवर चाचणी घेतात. स्थापना चालू असताना वीज तोडणे अथवा ट्रस्टेड इन्स्टॉलर ही प्रक्रिया बळाने संपविणे मात्र कटाक्षाने टाळावे. अर्धवट बदललेल्या घटकांमुळे प्रणाली सुरू न होण्याचा धोका असतो.

इतर प्रणाली : लिनक्सवर आधारित प्रणालींत आज्ञावली परस्परावलंबी संचांच्या रूपाने दिल्या जातात. कोणते संच एकमेकांसह बसविता येतील, हा प्रश्न गणिताच्या दृष्टीने अवघड (एनपी-पूर्ण) वर्गातील आहे, असे यूरोपीय संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखविले. व्यवहारात बहुतेक वेळा त्याचे उत्तर चटकन मिळते. येथील मोठा भार प्रणालीचा गाभाभाग बदलल्यावर त्यास पूरक भाग पुन्हा संकलित करताना व प्रारंभ-संचिका दाबून लहान करताना पडतो. उबुंटू व डेबियन या प्रणालींत रोजच्या तपासणीच्या वेळेत मुद्दाम यादृच्छिक विलंब ठेवलेला असतो. त्यामुळे सर्व संगणक एकाच क्षणी सर्व्हरकडे धाव घेत नाहीत. ॲपलच्या मॅकओएस प्रणालीत मोठ्या अद्यतनानंतर ‘स्पॉटलाइट’ या शोधसाधनाची सूची नव्याने होताना काही तास भार राहतो. तेथे ‘कर्नल टास्क’ ही प्रक्रिया प्रक्रियकाचा मोठा वाटा घेताना दिसते. ती बहुधा यंत्र तापू नये म्हणून इतर कामांना प्रक्रियक कमी मिळेल अशी व्यवस्था करीत असते. तिला दोषी मानणे म्हणजे ज्वर मोजणाऱ्या तापमापकास रोगाचे कारण मानण्यासारखे आहे.

अद्यतन बंद ठेवण्याचे परिणाम : अद्यतन-सेवा बंद करताच भार नाहीसा होतो, त्यामुळे हा उपाय यशस्वी वाटतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. अद्यतन प्रसृत होताच त्याने कोणती उणीव भरून काढली, हे जुन्या व नव्या संचिकांच्या तुलनेवरून हल्लेखोरांनाही कळते. म्हणजे दुरुस्तीची घोषणा ही न दुरुस्त केलेल्या संगणकांच्या दृष्टीने धोक्याची सूचना असते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने संचिका-देवघेवीच्या सेवेतील एका गंभीर उणिवेवर अद्यतन दिले. १२ मे २०१७ रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, त्याच उणिवेच्या आधारे ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर आज्ञावली पसरली व सु. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील माहिती तिने कुलूपबंद केली. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालणारे होते व त्यांच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती. इंग्‍लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सु. एकतृतीयांश रुग्णालय-न्यासांना याची झळ पोचली. हजारो रुग्णांच्या भेटी व काही शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या आणि काही ठिकाणी रुग्णवाहिका अन्यत्र वळवाव्या लागल्या.

अद्यतनाचा मार्ग स्वतः मात्र विश्वासार्ह असावा लागतो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्यतन-यंत्रणेत शिरकाव करून ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली पसरविण्यात आली. तिचा फटका मर्स्क या जहाजवाहतूक समूहास बसला व मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्याच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. उतरवून घेतलेल्या प्रत्येक भागाची पडताळणी करण्यात प्रक्रियकाचे श्रम खर्ची पडतात, ते यासाठीच. त्याच कारणाने ‘अद्यतन दुरुस्त करणारी’ म्हणून विकली जाणारी अनोळखी साधने वापरू नयेत.

ज्या प्रणालींची अद्यतने थांबली आहेत, त्यांच्यावर या प्रकारचा भार पडत नाही. विंडोज ७ साठीची सर्वसाधारण अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० साठीची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असा संगणक पूर्वीपेक्षा शांत व वेगवान भासला, तरी त्यानंतर सापडणाऱ्या उणिवा त्यात तशाच राहतात. विस्तारित सुरक्षा-अद्यतनांची स्वतंत्र व्यवस्था केलेली नसल्यास नव्या आवृत्तीचा वा दुसऱ्या प्रणालीचा अवलंब करणे, अथवा तो संगणक जाळ्यापासून अलग ठेवून वापरणे, हेच सुरक्षित पर्याय उरतात.